कानबाईच्या आधी कॉम्प्युटरची झाडलोट

कानबाई ही आम्हा खान्देशातल्या लोकांची देवी. आमच्या अमळनेरच्या घरात ती बसायच्या आधीचा आठवडा म्हणजे धुणं, पुसणं, रंग आणि भांडण. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि त्याआधी घराचा कोपरा न् कोपरा निघतो. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, गोधड्या गच्चीवर जातात, रोटाचे गहू वेगळे निवडून ठेवले जातात. मी धुळ्याला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. शुक्रवार-शनिवारची रजा टाकून गुरुवारी संध्याकाळी घरी पोचलो, तर आईने पाण्याचा तांब्या हातात देतादेताच सांगितलं, "बठ्ठं घर धुई टाकं, ते डबडं तेवढं ऱ्हायनं."

बठ्ठं म्हणजे अहिराणीत सगळं. आणि डबडं म्हणजे नानांचा कॉम्प्युटर.

२०११ साली जळगावच्या गोलाणी मार्केटमधून पार्ट घेऊन जुळवलेलं हे यंत्र. दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. त्या काळी कॉम्प्युटर जुळवणारे डिस्कचे चार तुकडे करून द्यायचे, आणि सी ड्राइव्हला हमखास कमी जागा ठेवायचे. आमच्या सीच्या वाट्याला ३९ जीबी आले. डी, ई, एफ ऐसपैस, ई तर जवळजवळ मोकळाच. सगळा संसार मात्र सीमध्ये. चार खोल्यांचं घर असून सगळ्यांनी स्वयंपाकघरातच झोपावं, तशातली गत.

नाना निवृत्त शिक्षक. या यंत्रावर ते रोज दोन तास बसतात, पत्रं लिहितात, आणि गेली दोन वर्षं आईकडून कानबाईची अहिराणी गाणी ऐकून टाइप करतात. महिनाभरापासून पडद्याच्या कोपऱ्यात 'लो डिस्क स्पेस' असा फुगा यायला लागला होता. वर्ड उघडायला तीन-चार मिनिटं. मी 'माय कॉम्प्युटर' उघडून पाहिलं, तर सीची पट्टी लालभडक आणि खाली शिल्लक १८० एमबी. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ही पट्टी लाल करतं. इथे अर्धा टक्काही उरला नव्हता.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला नानांनी आधीच विचारून ठेवलं होतं. त्याने यंत्र न बघताच निकाल दिला होता, "फॉर्मॅट मारावा लागेल काका, पाचशे रुपये." फॉर्मॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. ते म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. नानांचं सगळं टायपिंग एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या. त्याची सीडी कधीच हरवली. तो फॉन्ट गेला तर फाइल उघडेल, पण मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसेल. आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा कोण टाकून देणार? म्हणून ठरवलं, फॉर्मॅट नाही. आधी बघू या, भरलंय काय.

पुतण्या अकरावीत आहे. त्याने लगेच फोन काढला. "काका, एक फुकट क्लीनर आहे, एका क्लिकमध्ये सगळं साफ." त्याला म्हटलं, बाबा रे, सीमध्ये ठेवायला जागा नाही, आणि त्यात आणखी एक पाहुणा कुठे बसवतोस? शिवाय हे फुकटचे सफाईवाले एक कचरा काढतात आणि स्वतःबरोबर दोन नवीन घेऊन येतात, हे मी ऑफिसात पाहिलंय. विंडोजमध्येच जे आहे तेवढ्यावर काम भागतं.

पहिलं काम सफाईचं नव्हतंच, पेनड्राइव्हचं होतं. बऱ्याच जणांना वाटतं की डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल कुठेतरी 'वर' असते. तसं नसतं. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स ही दोन्ही ठिकाणं सी ड्राइव्हच्याच पोटात असतात. नानांच्या डेस्कटॉपवर इतक्या फाइली होत्या की मागचा पांडुरंगाचा फोटो अर्धा झाकला होता. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो मिळून साडेचार जीबी. ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. त्याबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून नानांचे मराठी फॉन्टही घेतले, ते नुसते कॉपी करता येतात. जुना यूएसबी पोर्ट, जुना पेनड्राइव्ह. जेवण झालं, अंगणात गप्पा झाल्या, तरी हिरवी पट्टी आपली रांगतच होती.

शुक्रवारी सकाळी मुख्य काम. आधी कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट केला आणि दुसरं काहीही उघडलं नाही. चालू असलेले प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइली धरून ठेवतात, आणि एखादं इन्स्टॉलेशन 'रिस्टार्ट करा' म्हणून अर्ध्यावर थांबलेलं असतं, त्याचा माल टेम्पमध्येच, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्येच, पडलेला असतो. रिस्टार्टने ते पूर्ण होऊन जातं.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून रनचा चौकोन उघडला, त्यात टक्क्याचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, आणि एंटर. हा नानांच्या स्वतःच्या खात्याचा टेम्प. एरवी हातानं शोधत गेलं तर सापडत नाही, कारण तो ज्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतो तो लपवलेला असतो.

उघडल्यावर चार हजारांवर फाइली. नावं अशी की मांत्रिकाने लिहिल्यासारखी: आधी एक वळणदार रेघ, मग अक्षरं, मग आकडे, शेवटी टीएमपी. एकेक प्रोग्राम काम करताना हाताशी कोरे कागद घेतो, काम झालं की त्याने ते फाडून टाकायचे असतात. पण प्रोग्राम मध्येच अडकला किंवा लाइट गेली की कागद तिथेच राहतात. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि नानांच्या यूपीएसची बॅटरी आता फक्त ओरडण्यापुरती उरली आहे. तेव्हा २०११ पासूनचे कागद साठले होते.

पुतण्या शेजारी बसला होता. मी चहा घ्यायला उठलो तेवढ्यात त्याने वरच्या दोनशे फाइली निवडून डिलीट केल्या आणि ओरडला, "काका, जागा वाढलीच नाही!" कशी वाढेल? डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जातं, आणि सीच्या बिनचा माल सीमध्येच राहतो. घरातला कचरा झाडून दाराआड लोटला, एवढंच. बिन रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. मी मुद्दाम रिकामी करू दिली नाही. त्या दोनशे फाइली परत जागेवर ठेवायला लावल्या. पोराचं तोंड उतरलं.

माझी पद्धत वेगळी होती आणि ती मी आईकडून उचलली. माळा काढताना आई कुठलीही वस्तू थेट उकिरड्यावर टाकत नाही. आधी ओट्यावर मांडते. दोन दिवस ती तिथे पडून राहते, येणाराजाणारा बघतो, कुणीतरी म्हणतं 'अरे, हा तर माझा अडकित्ता', आणि मगच उरलेलं जातं. मी ई ड्राइव्हवर एक फोल्डर केलं आणि त्याचं नावच 'ओटा' ठेवलं.

टेम्पमध्ये तारखेप्रमाणे रांग लावली. शेवटच्या आठ दिवसांतल्या फाइलींना हात लावायचा नाही, बाकी सगळ्या कट करून ओट्यावर. हा आठ दिवसांचा हिशेब माझ्या मनाचा नाही. विंडोजचं डिस्क क्लीनअपही तेच सांगतं, आठवडाभरात ज्यांना हात लागला नाही त्या तात्पुरत्या फाइली काढायला हरकत नाही. हलवताना मधूनमधून खिडकी येई की अमुक फाइल दुसऱ्या प्रोग्रामने उघडली आहे. तिथे हट्ट करायचा नाही. खालच्या चौकटीत खूण करून 'स्किप' म्हणायचं, म्हणजे उरलेल्या सगळ्यांना तेच उत्तर लागू होतं. विंडोज वापरातली फाइल सहसा देतच नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

अर्ध्यावर लाइट गेली. यूपीएस किंचाळला आणि दोन मिनिटांत सगळं काळं. नाना बाजेवरून उठून बसले. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवताना विंडोज आधी कॉपी करतं आणि मग मूळ फाइल काढतं, त्यामुळे फार तर एक फाइल ई वर अर्धवट राहिली असेल आणि तिचं मूळ सीमध्ये शाबूत असेल, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण ते परत आडवे झाले. लाइट आल्यावर तसंच निघालं.

हे सगळं करून जागा किती सुटली? दोन जीबी. इतकी उठाठेव, आणि ३९ मध्ये दोन. पट्टी अजून लालच.

इथे मी हिशेबनीस असल्याचा उपयोग झाला. सीमधली सगळी दिसणारी फोल्डरं निवडून त्यांची बेरीज बघितली, ती डिस्कच्या आकड्याशी जुळेना. पतसंस्थेत ताळेबंद जुळला नाही की आम्ही मोठ्या रकमांच्या मागे लागत नाही, ज्या खात्यात कुणी डोकावत नाही तिथे बघतो. तसंच एकेक फोल्डर उघडत विंडोजच्या आत गेलो, तर तिथे आणखी एक टेम्प. हा नानांचा नव्हे, खुद्द विंडोजचा. क्लिक केल्यावर आधी म्हणालं, तुम्हाला आत यायची परवानगी नाही, 'कंटिन्यू' दाबा. दाबलं. उघडायला एवढा वेळ लागला की मला वाटलं, गेलं. मग यादी आली: कॅब, खाली रेघ, आकडे. कॅब, खाली रेघ, आकडे. पडदा संपला तरी यादी संपेना. कुठली दहा-वीस एमबीची, कुठली शंभरच्या घरातली. सगळी मिळून ९.८ जीबी.

फोनवर वाचत बसलो. हे दुखणं विंडोज ७ चं जुनं आहे आणि बऱ्याच जणांना झालेलं आहे. विंडोज आपल्या दुरुस्त्यांची आणि अपडेटची एक रोजनिशी ठेवतं, सीबीएस नावाची. रोजनिशी जाड झाली की ती बाजूला काढून दाबून कॅब फाइल करायची, हे काम मेककॅब नावाच्या एका छोट्या प्रोग्रामकडे असतं. पण या मेककॅबला दोन जीबीपेक्षा मोठी फाइल पेलत नाही. रोजनिशी त्याच्या वर गेली की तो दाबायला घेतो, मध्येच हरतो, आणि केलेलं अर्धवट काम टेम्पमध्ये टाकून निघून जातो. थोड्या वेळाने परत येतो, परत तेच. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चे अपडेट बंद झाले, तरी हा कामगार इमानेइतबारे येतच राहिला होता. न उचलता येणारं पोतं रोज उचलायला जाणारा हमाल, आणि दर खेपेला थोडं धान्य सांडून जाणारा.

मला हे आधी पूर्ण कळलं नव्हतं, म्हणून चूक केली. कॅब फाइली काढल्या. त्या अर्धवट काम आहेत याची खात्री झाल्यावर ओट्याचा सोपस्कार न करता थेट शिफ्ट दाबून डिलीट केल्या, कारण दहा जीबी या यंत्रावर हलवायचे म्हणजे कानबाईचं विसर्जनही होऊन गेलं असतं. पट्टी निळी झाली. आईला बोलावून दाखवली. तिला निळ्या पट्टीचं काही नाही, ती म्हणाली, "धूळ तर तशीच शे." खरं होतं. डब्याच्या मागच्या जाळीवर बोटभर धूळ होती.

संध्याकाळी पुन्हा तो टेम्प उघडला, तर आत दोन नव्या कॅब फाइली. मी जेवत असताना आल्या होत्या.

मग मुळाशी गेलो. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' नावाची एक सर्व्हिस असते, ती थांबवली. विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमध्ये सीबीएसचं फोल्डर आहे, तिथे सीबीएसपर्सिस्ट अशा नावाची एक फाइल निघाली, २.३ जीबीची. हेच ते पोतं. ती उचलून ओट्यावर टाकली, दोन नव्या कॅब काढल्या, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. रात्री झोपताना पाहिलं, सकाळी उठल्यावर पाहिलं. टेम्प रिकामा. महिनाभर नाना कानबाईला साकडं घालत होते की यंत्र एवढं चालव, आणि दुखणं निघालं एका न दाबल्या जाणाऱ्या वहीचं.

शनिवारी सकाळी डिस्क क्लीनअप चालवलं. सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, तिथेच बटण आहे. त्या यादीत खुणा करताना डोळे मिटून सगळ्यावर खूण करू नये. रीसायकल बिन आधी उघडून पाहिली, नानांनी चुकून टाकलेला एक पेन्शनचा कागद तिथे होता. बाकीच्या खुणांमधून जीबीभरापेक्षा थोडी कमी जागा मिळाली. तुमच्याकडे विंडोज १० असेल तर एक सावधगिरी जास्तीची: त्याच्या मधल्या काही आवृत्त्यांमध्ये या यादीत 'डाउनलोड्स' ही ओळ घातली होती, पुढे ती काढली. तिच्यावर खूण केली तर आपण स्वतः उतरवून ठेवलेली पावती, आधारची प्रत, सगळं जातं.

पुतण्याचं समाधान होत नव्हतं. त्याने एक व्हिडिओ पाहिला होता. "काका, प्रीफेच पण उडवा ना. आणि हे बघा, विनएसएक्सएस, केवढं मोठं आहे!" प्रीफेचमध्ये विंडोज कुठला प्रोग्राम कसा उघडायचा याच्या खुणा ठेवतं, त्या जास्तीत जास्त १२८ असतात, जुन्या आपोआप पुसल्या जातात. ते उडवलं तर पुढचे काही दिवस यंत्र उलट हळू उघडेल. आणि विनएसएक्सएस हे विंडोजचं कोठार आहे. तिथल्या बऱ्याच फाइली इतर ठिकाणीही त्याच नावाने मोजल्या जातात, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. हातानं तिथलं काही काढलं तर विंडोज उठायचंच बंद होऊ शकतं. हिबरनेशनची, म्हणजे यंत्र झोपवताना उघडं काम साठवून ठेवायची फाइल काढून दीड जीबी आणखी मिळाले असते. नाना रोज नीट शटडाउन करतात, त्यामुळे ती लागतच नाही म्हणा. पण लाइटचा भरवसा नाही, उद्या कुणी स्लीपवर ठेवून उठलं तर त्याच फाइलीच्या आधाराने काम वाचतं. राहू दिली. सगळंच काढायचं नसतं रे, म्हटलं त्याला. तो फोनमध्ये डोकं घालून बसला.

डॉक्युमेंट्स फोल्डर डीवर नेलं. त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन', तिथे डीचा पत्ता. डेस्कटॉपचंही तसंच. नानांना वापरताना काहीच फरक दिसत नाही, माल मात्र दुसऱ्या खोलीत. शेवटी सीवर १९ जीबीच्या वर जागा सुटली. डब्याचं झाकण उघडून आईच्या जुन्या मऊ ब्रशने धूळ काढली, आणि आई पहिल्यांदा समाधानाने म्हणाली, "आते दिखस काही."

दुपारी चारला नानांनी हाक मारली. त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

रविवारी रात्री बायका गातात तेव्हा नव्या सुनांना शब्द यावेत म्हणून त्यांना गाण्यांच्या दहा प्रती काढायच्या होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे वर्ड उघडलं आणि 'रीसेंट'च्या यादीतल्या पहिल्या नावावर क्लिक केलं, 'कानबाई दुरुस्त'. वर्ड म्हणालं, फाइल सापडत नाही.

मी म्हटलं, डॉक्युमेंट्स हलवलंय, म्हणून असेल. डीवर पाहिलं. नाही. पेनड्राइव्हवर पाहिलं. तिथे 'कानबाई' होती, पण ती गेल्या वर्षीची, सतरा गाण्यांची. नाना हळूच म्हणाले, "नवीत एकेचाळीस आहेत." आई दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ लागलेलं. "काय व्हयनं रे?" आणि मग, "गयं का बठ्ठं?"

माझे हात गार पडले. आधी दोन दिवस मी सगळ्यांना शहाणपण शिकवत होतो.

वर्डची ती सूचना पुन्हा नीट वाचली. तिच्यात फाइलीचा अख्खा पत्ता दिला होता, लांबलचक. मी तोवर फक्त नाव बघत होतो. पत्त्याच्या शेवटी, नावाच्या बरोबर आधी, लिहिलं होतं: टेम्प.

ई वर ओटा उघडला. वर शोधाच्या चौकटीत वर्डच्या फाइलीचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, टाकलं. चार हजारांतून सहा निघाल्या. तिसरी 'कानबाई दुरुस्त', ४६ केबी, शेवटचा हात १९ जूनला. डबल क्लिक केलं. उघडली. एकेचाळीस.

मग उलगडा करत बसलो. माझ्या चुलत भावाने गेल्या वर्षी ती सतरा गाणी दुरुस्त करून मेलने पाठवली होती. नानांनी मेलमधूनच 'ओपन' म्हटलं. अशी फाइल उघडली की ब्राउझर ती टेम्पमध्ये उतरवतो आणि तिथून वर्डच्या हाती देतो. त्यांनी सेव्ह केलं तर वर्ड म्हणालं ही फक्त वाचायची आहे, दुसरं नाव द्या. त्यांनी दिलं, 'कानबाई दुरुस्त', आणि समोर जो फोल्डर उघडला होता त्यातच एंटर मारला. तो टेम्प होता. त्यानंतर वर्षभर त्यांनी ती फाइल कधी फोल्डरमधून उघडलीच नाही, दर वेळी रीसेंटच्या यादीतून. यादीला पत्ता माहीत होता, नानांना नव्हता. पावसाळ्यात शेतीची, दवाखान्याची धावपळ झाली, गाणी मागे पडली, म्हणून जूनपासून हात लागला नव्हता. आठ दिवसांच्या नियमात ती सरळ कचरा ठरत होती. मी सुरुवातीलाच डिस्क क्लीनअप चालवलं असतं तर ती गेली असती, आणि रीसायकल बिनमध्येही सापडली नसती, कारण क्लीनअप बिनमधून जातच नाही.

आता मी टेम्पमध्ये तारखेची रांग लावायच्या आधी प्रकाराची रांग लावतो. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो, असं माणसाच्या हातचं काही दिसतं का ते आधी. त्या दिवशी ओट्यावरच्या इतर पाच फाइलीही उघडल्या. एक वीजबिलाबद्दलचा अर्ज, दोन लग्नाच्या याद्या, एक कोरी, आणि एक माझंच पत्र, २०१३ साली नोकरीसाठी लिहिलेलं. व्याकरणाच्या चार चुका. ते मात्र शिफ्ट दाबून काढलं.

एक गोष्ट नानांना स्पष्ट सांगितली: यंत्र आता श्वास घेतंय, पळणार नाही. वर्ड चार मिनिटांऐवजी दीड मिनिटात उघडतं, तेही पुष्कळ. पुढचा वेग हवा तर रॅम वाढवावी लागेल किंवा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकावी लागेल. आणि या विंडोजवर बँकेचं काम बिलकूल नाही, सुरक्षेचे अपडेट बंद होऊन वर्षं झाली. ते म्हणाले, "मला गाणी टाइप करायची आहेत, बँक लुटायची नाही."

'कानबाई दुरुस्त' डीवर एका नव्या फोल्डरमध्ये ठेवली, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक माझ्या मेलवर. आईला सांगितलं सापडली. ती परत पिठाकडे वळली होती. "मना डोकामा शे बठ्ठं," ती म्हणाली. "तुमना डबडाना काय भरोसा."

रविवारी पहाटे प्रती काढायच्या आधी नानांनी तिला गाणी एकदा वाचून दाखवली. बाविसाव्या गाण्याला तिने थांबवलं. "असं नही सांगेल मी." आधी नणंदेचं कडवं येतं, मग भावजयीचं. नानांनी चष्मा सारखा केला, दोन कडव्यांची अदलाबदल केली, कंट्रोल एस दाबलं. मग कीबोर्डवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे वळून बघितलं.

"आता ही कुठे सेव्ह झाली?"

मी वाकून पाहिलं. डी ड्राइव्ह, कानबाई.

"परत एकदा बघ," नाना म्हणाले.